४०% घसारा म्हणजे ४०% सूट नव्हे

मार्च जवळ आला की एमआयडीसीत सोलरवाल्यांच्या चकरा वाढतात. "शेठ, चाळीस टक्के तर सरकारच देतंय" हे वाक्य ठरलेलं. अहो, सरकार फक्त चाळीस टक्के दराने घसारा लावू देतं, म्हणजे प्लांटच्या उरलेल्या किमतीचा तेवढा भाग दरवर्षी करपात्र नफ्यातून वजा करू देतं!

५० किलोवॅटचा प्लांट जीएसटी सोडून २५ लाखांना पडला असं धरा. पहिल्या वर्षी घसारा १० लाख, दुसऱ्या वर्षी उरलेल्या १५ लाखांवर ६ लाख, मग ३.६ लाख. भागीदारी फर्मला सेससकट ३१.२% कर, म्हणजे पहिल्या वर्षी वाचले ३ लाख १२ हजार. साध्या मशिनरीच्या १५% दराने १ लाख १७ हजार वाचले असते. शेवटी एकूण घसारा दोन्हीकडे सारखाच, इथे लवकर मिळतो एवढंच. कमाई काय ती मधल्या व्याजाची.

लोक फसतात ते तारखेत. बिल कधीचं हे गौण, प्लांट वापरात कधी आला ते बघतात. पॅनल ३० मार्चला छतावर चढले आणि नेट मीटर (ग्रिडला दिलेली आणि घेतलेली वीज मोजणारा) मे महिन्यात बसून प्लांट तेव्हा सुरू झाला, तर त्या वर्षी घसारा शून्य. वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर निम्मा, म्हणजे २०%. म्हणून सप्टेंबरअखेर प्लांट चालू व्हायलाच हवा. मीटर टेस्टिंगचा रिपोर्ट आणि कमिशनिंगचं (प्लांट सुरू झाल्याचं) पत्र फाइलला लावा. शेडचे पत्रे बदललेत? तो खर्च ४०% मध्ये घुसडू नका.

सोलर साहित्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५% झाला. बसवण्यासकट कंत्राट असेल तर ७०% रकमेवर ५ आणि ३०% वर १८, सरासरी ८.९%. कोटेशनमध्ये अजून १३.८% दिसलं तर ते परत पाठवा. भरलेल्या जीएसटीची वजावट, म्हणजे इनपुट क्रेडिट, घेतलेल्या रकमेवर घसारा मिळत नाही, हेही सीएला आठवणीने सांगा.

४४एडीखाली, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरून, रिटर्न भरणाऱ्याला वेगळा घसाराच नाही. छत तुमचं पण प्लांट सोलर कंपनीच्या मालकीचा असेल, तर घसारा कंपनीचा. पीएम सूर्यघर योजनेचं ७८ हजारांपर्यंतचं अनुदान घरांसाठी आहे, कारखान्याला त्यातलं काही नाही.

माझ्या मते सवलतीची मेखच इथे आहे: ती उभारणीवर मिळते, तयार झालेल्या विजेच्या युनिटवर नाही. घसारा १००% होता तेव्हा पवनचक्क्या कर वाचवायलाच घेतल्या जायच्या; वारा किती, हा प्रश्न नंतरचा. २००९ मध्ये पवनऊर्जेला युनिटमागे ५० पैसे देणारी योजना आली, ती मला जास्त रास्त वाटते.

तुमच्या ५० किलोवॅटमधून आपल्याकडे दिवसाला सरासरी २०० युनिट निघायला हवेत. वर्षाला किती युनिट आणि कमी पडले तर भरपाई किती, हे सही करण्याआधी लिहून घ्या.