‘चुका झाकणारा ॲम्प’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गिटार शिकणाऱ्याने मॉडेलिंग ॲम्प (वेगवेगळ्या ॲम्पचे आवाज गणिताने उभे करणारा डिजिटल ॲम्प) कसा निवडावा, या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. इतरांसाठी तिचा गोषवारा देतो. मॉडेलिंग ॲम्प हे खेळणं आहे. तो चुका झाकतो, म्हणून हात कधीच सुधारत नाही. घरात ५ वॅटचा ट्यूब ॲम्प (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) पुरतो, हवा तर अमेरिकेहून मागवावा. ॲपवर चालणाऱ्या वस्तूचा चार वर्षांत कचरा होतो. आणि शेवटी : ‘दुकानदाराकडून किती मिळतात? पोरांना बिघडवू नका.’

आधी या शेवटच्या वाक्याचं बोलू. मला कोणत्याही दुकानाकडून काहीही मिळत नाही. लेखात बॉस कटाना ५०, फेंडर मस्टँग एलटी २५ आणि यामाहा टीएचआर अशी तीन नावं होती, तीन वेगळ्या कंपन्यांची. मतभेद जरूर असावेत. पण स्वतःचं नाव न लिहिता दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर शंका घ्यायची, ही कुठली रीत? मी ट्यूब ॲम्पवर वाजवत आलो आहे, ट्यूब बदलल्या आहेत, बायस (ट्यूबमधून वाहणारा मूळ प्रवाह) लावला आहे आणि मुलांना शिकवतो. ‘पोरांना बिघडवू नका’ हे मला ऐकवण्याआधी लेख शेवटपर्यंत वाचायला हवा होता.

तुमची एक गोष्ट मान्य. कायम हेडफोनवर वाजवणाऱ्याला स्पीकरमधून खोलीत पसरणाऱ्या आवाजाची सवय होत नाही. तो बँडसोबत उभा राहिला की त्याचा टोन हरवतो. हे खरं आहे.

आता ‘चुका झाकतो’ या वाक्याकडे येतो. ते इतक्या ठिकाणी इतक्या खात्रीने सांगितलं जातं, की त्याचा एकदा नीट समाचार घ्यायलाच हवा.

चुका झाकतो तो गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब. गेन वाढवला की सिग्नलचे शेंडे छाटले जातात (हेच डिस्टॉर्शन), आणि हलका मारलेला व जोरात मारलेला स्वर जवळपास एकाच पातळीवर येतात. पिकिंगमधला कमीजास्तपणा त्यात बुजून जातो. हे ॲम्पमधल्या १२एएक्स७ या ट्यूबमध्ये घडतं, डिस्टॉर्शन पेडलच्या डायोडमध्ये घडतं आणि मॉडेलिंगच्या गणितातही घडतं. ट्यूब असल्याने यातून सुटका होत नाही. गेन पूर्ण पिळलेल्या ट्यूब ॲम्पवर वाजवणाराही तितकाच फसतो.

आणि मॉडेलिंग ॲम्पवर गेन कमी करता येत नाही, असं कोणी सांगितलं? कटाना ५० एमके २ घ्या. ॲम्प टाइप क्लीन, गेन घड्याळाच्या नऊवर, बास-मिडल-ट्रेबल तिन्ही बारावर. बूस्टर, मॉड, एफएक्स, डिले, रिव्हर्ब हे सगळे इफेक्ट बंद. पॉवर ०.५ वॅटवर. नॉइज सप्रेसरसाठी (नको असलेला बारीक आवाज दाबणारी सोय) पॅनेलवर नॉब नाही, तेव्हा लॅपटॉप जोडून बॉस टोन स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन तो बंद करा. आता मेट्रोनोम ६० वर ठेवा आणि सहाव्या तारेवर पाचव्या फ्रेटपासून चढत जा, एका ठोक्याला दोन स्वर, डाउनस्ट्रोक-अपस्ट्रोक आलटून-पालटून. बहुतेक नवशिक्यांचा अपस्ट्रोक दुबळा असतो आणि तो इथे स्पष्ट ऐकू येतो. काही झाकलं जात नाही.

मग तोच प्रकार ब्राउन या जास्त गेनच्या ॲम्प टाइपवर, गेन घड्याळाच्या दोनच्या पुढे नेऊन वाजवा. दोन्ही स्ट्रोक सारखे वाटू लागतील, इथवर तुमचं बरोबर. पण त्याच वेळी दुसऱ्या चुका वर येतात. न वाजवलेल्या तारा गुणगुणतात, बोट उचलताना मोकळी तार वाजून जाते, तळहात ब्रिजपासून जरा सरकला की पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून काढलेला बंद आवाज) बिघडतो. क्लीनवर हे जाणवतही नाही. इथे नॉइज सप्रेसर जास्त लावला तर तीच घाण लपते आणि लांबवलेला स्वर मध्येच तुटतो, म्हणून सरावाच्या वेळी तो बंदच बरा.

कॉर्डचंही तसंच. जास्त गेनवर मोकळा सी मेजर चिखलासारखा वाटतो आणि मुलांना वाटतं बोट चुकलं. बोट बरोबर असतं. डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर एकत्र आले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर तयार होतात. गिटारवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यात मेजर थर्ड (सा-ग हे अंतर) शुद्ध थर्डपेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अशा एका भागाचा शंभरावा अंश) चढा असतो, त्यामुळे ते नवे स्वर बेसूर पडतात. फिफ्थचा (सा-प) फरक जेमतेम २ सेंट आहे, म्हणून फक्त सा आणि प असलेला पॉवर कॉर्ड स्वच्छ वाजतो. शिकणाऱ्याने दोन्ही सेटिंग ऐकली तरच त्याला कळेल की गडबड हाताची आहे की आवाजाची. मॉडेलिंग ॲम्पवर हा बदल एक नॉब फिरवून होतो. माझा मुद्दा एवढाच होता, आणि तुम्ही त्याला हातही लावलेला नाही.

५ वॅट ‘घरात पुरतो’ म्हणता. ९५ डेसिबल संवेदनशीलतेचा (म्हणजे १ वॅटला एक मीटरवर ९५ डेसिबल देणारा) स्पीकर असेल तर ५ वॅटला एक मीटरवर साधारण १०२ डेसिबल होतात. नेहमीचं बोलणं ६० च्या आसपास असतं. ५० वॅटपेक्षा ५ वॅट फक्त १० डेसिबलने कमी, म्हणजे कानाला निम्मा. फ्लॅटमध्ये रात्री नऊ वाजता कोण सहन करील? जुन्या फेंडर चॅम्पच्या धाटणीच्या ॲम्पला मास्टर व्हॉल्यूम (डिस्टॉर्शन ठेवून एकूण आवाज कमी करणारा नॉब) नसतो, त्यामुळे व्हॉल्यूम चढवल्याशिवाय त्याचा आवाज फाटत नाही, म्हणजे डिस्टॉर्शन येत नाही. बिल्डिंगमधल्या मुलाला त्या ट्यूबचा खरा आवाज कधी ऐकायलाच मिळणार नाही. तो शेवटी डिस्टॉर्शन पेडल विकत घेईल. वर, स्पीकरची वायर सुटलेली असताना ट्यूब ॲम्प चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. नवशिक्याच्या हातात देताना हे सांगायचं राहू नये.

अमेरिकेहून मागवण्याबद्दल : तिकडच्या ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३०. थेट लावला तर फ्यूज उडेल, कदाचित त्यापुढचंही जाईल. वेगळा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल आणि स्वस्ताई तिथेच संपेल.

ॲप आणि कचरा : कटानाचं पॅनेल ॲपशिवाय चालतं. पुढे वाद घालण्यासारखं त्यात काही नाही. ‘खेळणं’ या शब्दाला उत्तर देत नाही.

पुन्हा लिहाल तर कुठल्या ॲम्पवर, कुठला पिकअप, गेन किती आणि कोणती चूक झाकली गेली, एवढं लिहा. त्यावर बोलू.