पिठातली जाळी आणि भिंतीवरचा कोळी

मागच्या महिन्यात फॅमिली ग्रुपवर वहिनींनी एक फोटो टाकला. ज्वारीच्या पिठाचा स्टीलचा डबा, वरच्या थरात पांढरी बारीक जाळी धरलेली आणि तिला पिठाचे गोळे चिकटलेले. खाली लिहिलेलं, 'आईंना कोळी मारायचे नसतात ना, बघा आता पिठात पण आले.' दहा मिनिटांत दादाने पेस्ट कंट्रोलचं वर्षाचं काँट्रॅक्ट ठरवून टाकलं, चार किलो पीठ फेकून दिलं आणि आजपासून नाश्त्याला ओट्स, जेवायला पाकिटातल्या मल्टिग्रेन पिठाच्या चपात्या असं जाहीर केलं. आईचा तेवढा एक व्हॉइस मेसेज आला, 'कोळी कुणाचं काय खातो गं, त्याला कशाला मारताव.'

मी इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये, अकरा वर्षं झाली इथं. लांब बसून सोलापूरच्या घरात नाक खुपसू नये हे मला कळतं, भाकरी मी थापत नाही, दादाची शुगर वाढली तेव्हा रात्री दवाखान्यात मी नव्हते. पण या वेळी गप्प बसवत नाही, कारण मला वाटतं की हेल्दी खाण्याच्या नावाखाली आपण घरातल्या दोन चांगल्या गोष्टी एकाच दिवशी बाहेर काढल्या, आणि दोन्ही चुकीच्या आरोपावरून.

पहिली गोष्ट म्हणजे ती जाळी कोळ्याची नव्हतीच. पिठात, रव्यात, जुन्या धान्यात एक लहानसं करड्या रंगाचं पाखरू अंडी घालतं, त्यातून अळी निघते आणि ती अळी तोंडातून धागा काढत पिठाचे गोळे बांधत जाते. आपल्याकडे बायका पूर्वीपासून 'पिठाला जाळी धरली' म्हणतात ते हेच. कोळी पीठ खात नाही, तो शिकारी आहे, त्याला जिवंत किडा लागतो. उलट ते पाखरू डब्यातून उडून बाहेर आलं तर त्याला पकडतो तो कोपऱ्यातला कोळी. म्हणजे चोर डब्यातच राहिला आणि पहारेकऱ्याला हाकललं.

हे मला पुस्तकात वाचून नाही कळलं, माझ्याच किचनमध्ये झालं. इथं बेलग्रेव्ह रोडला गुजराती दुकानं आहेत, तिथं ज्वारीचं पीठ मिळतं, पहिल्या वर्षी स्वस्त पडतं म्हणून मोठ्या दोन पिशव्या आणून ठेवल्या आणि तीन महिन्यांत संध्याकाळी ट्यूबभोवती पाखरं फिरायला लागली. मी कपाट रिकामं केलं, फळ्यांच्या फटी व्हॅक्युमने साफ केल्या, तेव्हापासून पीठ थोडं आणते, आणलं की आधी आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवते म्हणजे अंडी असली तरी मरतात. औषध एक थेंब मारावं लागलं नाही.

आणि खरं सांगू का, तीन महिन्यांच्या त्या पिठाची भाकरी होतच नव्हती. विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेलेली. कितीही उकळतं पाणी घातलं तरी थापताना कडा फाटायच्या, तव्यावर टाकायला उचलली की तुकडे. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून गव्हासारखं ताणलं जात नाही, जे काय बांधलं जातं ते गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो त्यावर, आणि पीठ जुनं झालं की तेही हातचं जातं. आई आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणायची, गिरणीवाल्याला सांगून आधी ज्वारीचंच दळण टाकायला लावायची, लहानपणी मला तो निव्वळ हट्ट वाटायचा. आता कळतं की जाळी धरायला वेळच मिळायचा नाही. वहिनींच्या डब्यातलं पीठ दीड महिन्याचं होतं, हे त्यांनीच नंतर सांगितलं, नोकरी करून गिरणीला जायला वेळ कुठला. त्यांची अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण मग उपाय कमी दळण्याचा हवा, ज्वारी सोडण्याचा कसा काय?

ज्वारी सोडायची, तीही सोलापुरात! मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. मालदांडी ज्वारी ज्या भागात काळ्या जमिनीतल्या ओलीवर, पाऊस संपल्यावर, थंडीच्या दवावर उभी राहते तो आपलाच भाग, एम ३५-१ हे मालदांडीचं वाणसुद्धा मोहोळचं. भारताच्या मागणीवरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष केलं, सरकारने श्रीअन्न नाव दिलं, आणि इथल्या हेल्थ फूडच्या दुकानात 'सॉरगम' लिहिलेली पाव किलोची पाकिटं यायला लागली. मी ते पाकीट हातात घेऊन उभी राहते तेव्हा मला हुरड्याचा वास आठवतो, शेंगाचटणी आठवते, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत पाहुण्यांसाठी करून ठेवलेली कडक भाकरीची चळत आठवते, आणि मग ग्रुपवर वाचते की घरी ओट्स सुरू झाले.

ओट्स वाईट नाहीत. इथं थंडीत मीही खाते, ते इथलं धान्य आहे, इथल्या हवेत पिकतं. माझं भांडण पाकिटाशी आहे. इथं पाकिटावर पुढच्या बाजूला लाल, पिवळे, हिरवे रंग असतात, साखर किती, मीठ किती, चरबी किती, २०१३ पासून बऱ्याच कंपन्या स्वतःहून लावतात. २०१८ पासून गोड पेयांवर साखरेप्रमाणे टॅक्स लागला तर कंपन्यांनी साखर कमी केली. हे सगळं चांगलं आहे, मला आवडतं, मी वाचून घेते. पण हे का करावं लागलं ते पण बघा. या देशात लोकांच्या पोटात जाणाऱ्या कॅलरीतल्या निम्म्याहून जास्त कारखान्यात भरपूर प्रक्रिया केलेल्या खाण्यातून येतात, कोपऱ्यावर गिरणी नाही, समोर दळून मिळत नाही, म्हणून लेबलवर भरवसा ठेवण्याशिवाय इलाज नाही. आपल्याकडे एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने, २०२२ मध्ये पाकिटांवरच्या स्टार रेटिंगचा मसुदा काढला, स्टार द्यायचे की सरळ इशारा द्यायचा यावर तेव्हापासून वाद चाललाय. म्हणजे गिरणी आहे तोवर आपण ती सोडतोय आणि लेबल धड यायच्या आत पाकीट घरात आणतोय, मधल्या मधे दादासारखा शुगरचा माणूस नुसत्या 'मल्टिग्रेन' या शब्दावर विश्वास ठेवतोय. मी वहिनींना सांगितलं, पाकीट उलटं करा आणि पहिलं नाव काय आहे बघा, जे जास्त असतं ते आधी लिहितात. त्यांनी फोटो पाठवला. पहिलं नाव गहू, ज्वारी पाचवी.

आता कोळी.

आमच्या घरी तीन प्रकारचे असतात, ज्याचं सोलापुरात घर आहे त्याला लगेच ओळखू येतील. बाथरूमच्या कोपऱ्यात लांब बारीक पायांचा, हात लावला की जाळ्यात गरगर थरथरतो तो. खिडकीत उडी मारणारा छोटा, मान वर करून बघणारा. आणि भिंतीवर पसरलेला मोठा चपटा, रात्री लाइट लावला की सर्रकन कॅलेंडरमागे जाणारा, तो जाळं विणतच नाही, पळून शिकार करतो आणि झुरळं खातो, मादी पोटाखाली अंड्यांची पांढरी टिकली धरून फिरते. त्याची भीती वाटते, मलाही वाटायची, हाताने पकडला तर चावेलसुद्धा आणि दुखेल, पण स्वतःहून तो माणसाच्या वाटेला जात नाही.

तरी सगळं खापर त्याच्यावर. दोन पावसाळ्यांपूर्वी भाच्याच्या मानेवर जळल्यासारखा लाल पट्टा उठला, फोड आले, सगळे म्हणाले 'कोळी मुतला'. डॉक्टरांनी सांगितलं की हा मुंगीसारखा लांबट काळा-केशरी किडा, पावसाळ्यात ट्यूबलाइटला येतो, मानेवर बसला आणि आपण झोपेत चिरडला की त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं द्रव्य कातडी भाजतं. कोळ्याचा काही संबंध नाही. घरी तेव्हा सगळ्यांना पटलं होतं, आणि या वर्षी परत कोळीच गुन्हेगार.

लेस्टरला पहिल्या सप्टेंबरमध्ये बाथटबमध्ये तळहाताएवढा तपकिरी कोळी बघून मी चप्पल उचलली होती. शेजारच्या आजी ग्लास आणि जाड कार्ड घेऊन आल्या, ग्लास पालथा घातला, खालून कार्ड सरकवलं आणि बागेत सोडून आल्या. त्यांनी सांगितलं की हे नर, मादी शोधत घरभर फिरतात, टबात पडले की गुळगुळीत भिंत चढता येत नाही म्हणून अडकतात, ड्रेनमधून येत नाहीत. ते वर्षभर घरातच असतात, आपल्याला दिसतात फक्त सप्टेंबरात. इथलं सगळंच आदर्श आहे असं मला म्हणायचं नाही, इथेही लोक किंचाळतात, स्प्रे मारतात. पण आजींचं वागणं आणि आईचं वागणं एक होतं, मधे साडेसात हजार किलोमीटर असून. आई दसऱ्याला जळमटं काढते, केरसुणी काठीला बांधून कोपरान् कोपरा झाडते, धूळ बसलेली जाळी ठेवावी असं तीही म्हणत नाही. कोळ्याला तेवढं सोडते.

आणि आता मला जे खरंच खुपतंय ते. काँट्रॅक्टवाला पहिल्यांदा आला तेव्हा ओट्याखाली, डब्यांच्या फळीवर, दुरडी टांगायच्या खिळ्यापर्यंत फवारून गेला. भांडी झाकायला कुणी सांगितलं नाही, आई आतल्या खोलीत पडून होती, वास दुसऱ्या दिवशीपर्यंत होता. घरात शुगर मोजून खातात, तेल मोजून घालतात, आणि त्याच फळीवर किडे मारायचं विष. कुठलं धान्य हेल्दी यावर आपण ग्रुपवर तासभर भांडलो, पण त्या धान्याच्या शेजारी काय फवारलं हे एकानेही विचारलं नाही, मीसुद्धा दोन दिवसांनी विचारलं. झुरळांचा त्रास असेल तर जेल मिळतं, बिजागरीच्या फटीत ठिपके लावायचे, झुरळ ते खाऊन मरतं, हवेत काही उडत नाही. रात्री खरकटं झाकलं, सिंक कोरडं केलं की निम्मा प्रश्न तिथंच सुटतो.

वहिनींशी काल फोनवर सावकाश बोलले. त्या चिडल्या नाहीत, म्हणाल्या रविवारी दोन किलो दळून आणते, जमलं तर दर पंधरवड्याला, आणि थापायला दादाला शिकवते. काँट्रॅक्टच्या तीन व्हिजिट बाकी आहेत, पुढची वीस तारखेला. दादा, तू आधी फोन करून सांग की किचनमध्ये फवारणी नको, जेल लावा, आणि आईच्या खोलीत तर काहीच नको. कॅलेंडरमागे ती टिकलीवाली मादी अजून आहे म्हणे.