मुलींच्या टीमचा कोच व्हायचंय? या, बसा!

तर तुम्ही ठरवलंय. मुलींची फुटबॉल टीम घ्यायची, आणि ती पण कोल्हापुरात. वा! जिथं पेठेपेठेत तालमीची टीम आहे, पाटाकडील-दिलबहार म्हटलं की माणसं दुकानाचं शटर निम्म्यावर ओढून शाहू स्टेडियमला पळतात, तिथं पोरींच्या टीमला काय कमी पडणार, असंच वाटतंय ना? वाटू दे. सीझन सुरू होईपर्यंत वाटून घ्या. मी चौदा वर्षांखालच्या पोरींना शाळांच्या स्पर्धा खेळवते, कोचिंगच्या डी लायसन्सचा कोर्स केलाय, त्यामुळं चार सल्ले द्यायचा अधिकार मला आहे असं मी समजते. आणि गेल्या रविवारी जे झालं त्यानंतर तर आहेच आहे. ते पुढं सांगते. आधी बेसिक.

ग्राउंड मागायला जाल तेव्हा वेळ मागू नका, उरलेली वेळ मागा. सकाळी वॉकिंगवाले काका लोक गोल फिरत असतात आणि बॉल त्यांच्या पायाजवळून गेला तरी त्यांचं बीपी वाढतं. संध्याकाळी सीनियर पोरं येतात, त्यांची तर मॅच जवळ आलेली असते, बारा महिने जवळच आलेली असते. म्हणजे तुमची वेळ दुपारी अडीचची. पावसाळ्यात मात्र अख्खं ग्राउंड तुमचं, कारण घोट्याएवढं पाणी असतं आणि दुसरं कुणी फिरकत नाही. शाळेच्या स्पर्धाही नेमक्या तेव्हाच सुरू होतात, त्यामुळं पोहायचा सराव जमला तर तोही करून घ्या.

जर्सी विकत घेऊ नका. मुलांच्या टीमनं दोन सीझन वापरून टाकलेल्या असतात त्या मिळतील. साइज डबल एक्सेल. आमच्या राइट विंगला दिली तर ती दारात आलेल्या वासुदेवासारखी दिसायला लागली, टोपी तेवढी कमी होती. दहा नंबरच्या तीन निघाल्या, दोनवर चिकटपट्टी लावली, पावसात पट्टी गेली आणि रेफ्रीनं मलाच झापलं.

गोलकीपर शोधत बसू नका. जी उशिरा येईल ती गोलकीपर.

सोबत एक पुरुष ठेवा. त्याला फुटबॉल कळत नसला तरी चालेल. कारण रजिस्ट्रेशनच्या टेबलावर तुम्ही आयकार्डांचा गठ्ठा, जन्मदाखले, शाळेचं पत्र सगळं मांडलं की समोरचा माणूस तुमच्या खांद्यावरून मागं बघत विचारणार, "सर कुठायत?" एकदा मी आमचे रिक्षावाले मामा उभे केले. मामांना खुर्ची मिळाली, चहा मिळाला, ड्रॉ कसा पडलाय ते समजावून सांगितलं. मामा मान हलवत होते. मी लायसन्सवाली बाजूला पाण्याच्या बाटल्या मोजत होते.

आता पालक. पालकांना लाइनीला उभं करा, जितकं जवळ तितकं चांगलं. ते तुम्हाला फुकट कोचिंग देतील. थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो, गोलकिकवर नसतो, कॉर्नरवर नसतो, पोरगी स्वतःच्या हाफमध्ये असेल तर नसतोच, पण हे नियम पालकांना लागू नाहीत. "ओ पंच! ऑफसाइड हाय की!" हे प्रत्येक थ्रोला आलं पाहिजे. तुम्ही पोरींना महिनाभर सांगितलेलं असतं की बॉल पायात ठेव, मान वर कर, पास दे. आणि इकडून एकाच वेळी आठ गळे ओरडतात, "मार! लांब मार! काढ तिथनं!" पोरगी बिचारी बापाकडं बघते, माझ्याकडं बघते, तेवढ्यात बॉल तिसरीच घेऊन जाते. मग चूक कुणाची? कोचची. हरलात तर कोचची चूक, जिंकलात तर तिचे पणजोबा पैलवान होते.

एक बाबा तर मला कौतुकानं म्हणाले, "मॅडम, हिच्या पायात काय जोर हाय बघा, पोरगा असती तर अनिकेत जाधव झाली असती." अनिकेत २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला खेळला, आमच्या कोल्हापूरचा, अभिमान आहेच. पण पोरगी असूनसुद्धा काही होता येतं की हो! पुण्याची काजोल डिसूझा २०२२ ला सतरा वर्षांखालच्याच मुलींच्या वर्ल्ड कपच्या टीममध्ये होती. हे नाव मी सांगितलं तर बाबा म्हणाले, "कोण?"

सरावाला किती पोरी येणार याचा अंदाज कॅलेंडरवरून बांधा. सोमवारी क्लासची टेस्ट. मंगळवारी उपवास. बुधवारी आत्याच्या घरी वास्तुशांत, गुरुवारी "ऊन लई लागतंय मॅडम, काळी पडायला लागलीय." त्याच घरातला भाऊ मागच्या गल्लीत त्याच उन्हात सकाळपासून क्रिकेट खेळत असतो, तो बहुतेक ऊनप्रूफ असावा. आणि नववी लागली की टीम अर्धी होते. दहावीच्या तयारीसाठी नववी, नववीच्या तयारीसाठी आठवीचा मे. जी पोरगी दोन्ही पायांनी मारते, जिला बघून समोरची टीम आधीच चार जणी मागं ठेवते, ती एका सोमवारी येत नाही आणि तिची आई मेसेज टाकते, "यावर्षीपासून बंद केलंय, अभ्यास." खाली हात जोडलेली इमोजी. तुम्ही पण हात जोडायचे.

वॉर्मअप करू नका, वेळ वाया. मुलींच्या गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट मुलांपेक्षा जास्त वेळा फाटतं हे जगभरच्या डॉक्टरांना माहीत आहे, त्यासाठी फिफानं 'इलेव्हन प्लस' म्हणून वीस मिनिटांचं वॉर्मअप बनवलंय, फुकट आहे. पण आपल्याकडं आयोजक माइकवरनं सांगतात, "दोन्ही टीमनी एका मिनिटात मैदानात यायचंय," आणि त्यांना घाई असते. कशाची घाई ते सांगतेच.

पाणी पिऊ देऊ नका. हे मी नाही सांगत, पोरींनी स्वतःच शोधून काढलंय. ग्राउंडवर बाथरूम नाही, असलं तर कुलूप, किल्ली ज्यांच्याकडं ते गावाला. मग पोरी घरनं निघतानाच पाणी बंद करतात, बारा-तेरा वर्षांच्या पोरी हो, आणि सेकंड हाफला पोटऱ्या धरून खाली बसतात. बाहेरनं लगेच कॉमेंट येते, "स्टॅमिना नाय पोरींच्यात." पाळीचे दिवस असतील तर काय करतात ते विचारू नका. कुणीच विचारत नाही.

बक्षीस: टिफिनचा डबा. मुलांना रोख.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. स्पर्धेच्या पत्रिकेवर विश्वास ठेवा. पत्रिकेवर लिहिलं होतं, मुलींची सेमीफायनल, सकाळी नऊ, पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दोन हाफ. आम्ही आठला हजर. दोघी कागलकडून पहिल्या एसटीनं आल्या, एकीनं तर डबापण एसटीतच खाल्ला. साडेनऊ झाले, पाहुणे यायचेत. दहा झाले, पाहुणे निघालेत. साडेदहाला कळलं की निघालेत म्हणजे घरनं निघालेत असं नाही, निघायचं ठरलंय. पोरी दोन रांगा करून उन्हात उभ्या, कारण पाहुणे आल्या आल्या ओळख परेड. साडेअकराला आले. मग फेटे, शाल, श्रीफळ, प्रायोजकांचे सत्कार, प्रायोजकांच्या मेव्हण्याचा सत्कार, नारळ फुटला, पाहुण्यांनी पेनल्टी स्पॉटवरनं बॉलला पाय लावला तर चार फोटोग्राफर आडवे पडले. भाषणही झालं. "आज मुली कुठल्याच क्षेत्रात मागे नाहीत." टाळ्या. आम्ही पण वाजवल्या, हात तरी हलले. मग माइकवर पुकारा झाला, मुलांची मॅच आधी होईल, पाहुण्यांना पुढं लग्नाला जायचंय. म्हटलं होऊ दे. मुलांची मॅच पूर्ण झाली, हाफटाइमला संत्री पण मिळाली त्यांना. मग दुसऱ्या मुलांची झाली. ती बरोबरीत सुटली, तिला एक्स्ट्रा टाइम दिला. दिला! घड्याळात दीड वाजून गेला तेव्हा एक जण गळ्यात शिट्टी अडकवून माझ्याकडं आला आणि म्हणाला, "मॅडम, पोरींचं डायरेक्ट टायब्रेकर घेऊया."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं कशाचा टायब्रेकर? मॅच कुठं झाली? तर म्हणतो, "मॅच नको, वेळ नाही, तीनला फायनल आहे, तीन-तीन पेनल्टी मारू द्या आणि मोकळ्या व्हा." मी म्हटलं, ओ दादा, टायब्रेकर बरोबरीनंतर असतो, शून्य-शून्य व्हायला सुद्धा आधी मॅच खेळावी लागते. समोरच्या टीमचे सर माझ्या बाजूनं बोलले, ते पण सकाळपासून उभे होते. तर आम्हाला उत्तर काय, "खेळायचं नसेल तर दोन्ही टीम बाद करतो, फायनलला तिसरी आहेच." आणि वर हसत, "पोरींचं काय एवढं मॅडम, टायब्रेकर म्हणजे पण फुटबॉलच की."

पोरींनी मारल्या पेनल्टी. उन्हात बसून पाय आखडलेले, बॉलला नीट हात लावला नव्हता दिवसभर. आमची स्टॉपर, जी सगळ्यात धीट, "मॅडम, पहिली मी मारतो," म्हणून पुढं गेली आणि बारवर मारली. दोन-एकनं हरलो. सीझन संपला. शूज काढताना तीच म्हणाली, "मॅडम, आम्ही पळालो पण नाय की."

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी: मुलींच्या गटात चुरशीच्या सामन्यात टायब्रेकरवर विजय.

चुरशीच्या! कसली चुरस ओ? कुणाच्यात चुरस होती, पाहुण्यांच्या गाडीत आणि लग्नाच्या मुहूर्तात? सामनाच झाला नाही तर चुरस कुठनं आणली? त्या बातमीच्या वर फोटो पाहुण्यांचा आणि खाली "महिला सक्षमीकरणासाठी सदैव तत्पर". सदैव तत्पर म्हणे. अडीच तास उशिरा आलेला माणूस.

आणि हेच लोक ५ जुलै २०२५ ला भारताच्या बायकांनी चियांग माईत थायलंडला २-१ नं हरवलं, एशियन कपला पहिल्यांदाच क्वालिफाय होऊन गेल्या, तेव्हा स्टेटसला तिरंगा टाकत होते. संगीता बासफोरनं दोन्ही गोल मारले, तिचा फोटो यांच्या ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ फिरत होता. ती काय डायरेक्ट टायब्रेकर खेळून तिथं पोचली? २०२२ च्या ऑक्टोबरात भुवनेश्वरला, त्याच सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपात, अमेरिकेच्या पोरींनी आपल्या पोरींना आठ-शून्य हरवलं तेव्हा पण हेच हसत होते, पोरींना झेपत नाही म्हणून. अमेरिकेनं १९७२ लाच कायदा केला की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजात मुलगा-मुलगी भेद चालणार नाही, मग खेळात पण मुलींना टीम, ग्राउंड, कोच द्यावे लागले. तिथल्या आज्या शाळेत पूर्ण मॅच खेळल्यात, म्हणून नाती आठ गोल मारतात. आपण आपल्या पोरींना पन्नास मिनिटं देत नाही आणि वर विचारतो आठ गोल कसे खाल्ले.

पालकांनो, तुम्हीपण गप्प बसला होता त्या दिवशी. थ्रो-इनवर ऑफसाइड मागायला तुमचा गळा फुटतो, आणि पोरींची अख्खी मॅच खाल्ली तेव्हा एकाच्या पण तोंडातनं शब्द निघाला नाही, उलट दोघांनी मला सांगितलं, "जाऊ दे मॅडम, लवकर घरी जायला मिळेल." मुलाची मॅच अशी कापली असती तर स्टेज उलटं केलं असतं तुम्ही, मला माहीत आहे, मी याच गावची आहे.

आणि आयोजक साहेब, पुढच्या वर्षी परत पत्रिका छापाल, त्यावर परत बॉलला किक मारणाऱ्या पोरीचा फोटो टाकाल, खाली लिहाल मुलींचा स्वतंत्र गट. पाहुण्यांना संध्याकाळी बोलवा नाहीतर बोलवूच नका. पोरींची मॅच नऊला लिहिली तर नऊला शिट्टी वाजवा आणि पन्नास मिनिटं पूर्ण होऊ द्या. बाथरूमचं कुलूप काढा. जमत नसेल तर मुलींचा गट ठेवू नका, फोटो लावू नका आणि आमच्याकडनं फी घेऊ नका. यावर्षीची एंट्री फी तुम्ही मुलांच्या टीमइतकीच घेतलीय, पूर्ण मॅचची, पावती आहे माझ्याकडं. ती परत द्या.