राकेल, मस्तानी आणि तीस दिवस

"खरं प्रेम असेल, तर तीस दिवस थांबायला काय हरकत आहे?"

सांगलीच्या आमच्या वाचक मंडळात सर हे बोलले, त्याला तीन आठवडे झाले. वाक्य अजून डोक्यातून जात नाही. मंडळ महिन्यातून एकदा वाचनालयात भरतं आणि मी म्युनिकहून फोनवर असते. या वेळी पुस्तक सुचवायची पाळी माझी होती. मी लिओन फॉइश्टवांगर यांची १९५५ साली आलेली जर्मन कादंबरी सुचवली, ‘तोलेदोची ज्यू स्त्री’. बाराव्या शतकातलं स्पेन, कास्तीलचा ख्रिस्ती राजा आठवा अल्फोन्सो, त्याचा ज्यू अर्थमंत्री येहुदा इब्न एझ्रा आणि येहुदाची मुलगी राकेल. राजा तिच्यासाठी गालियाना नावाचा महाल नीट करून घेतो, आणि राज्य, राणी, युद्ध सगळं बाहेर ठेवून तिच्याबरोबर राहतो. त्यांना मूल होतं. बाप्तिस्मा होऊ नये म्हणून आजोबा ते दडवून ठेवतो. शेवटी युद्ध हरल्यावर जमाव महालात शिरतो आणि बाप-लेकीला मारून टाकतो.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अशा प्रेमकथा कादंबरीवाले इतिहासात मागाहून घुसडतात. आधी मस्तानीवर रडून झालं, आता तोलेदो." मग बोलणं पुस्तकावरून आजच्या आंतरधर्मीय लग्नांवर गेलं, तिथून विशेष विवाह कायद्यातल्या, लग्नाआधी तीस दिवस लावायच्या नोटिशीवर, आणि ते तीस दिवसांचं वाक्य आलं. बाकीच्यांनी माना डोलावल्याचं मला फोनवरही कळलं. पुस्तक बारगळलं. पुढच्या महिन्यात एक प्रवासवर्णन वाचायचं ठरलं.

सरांनी मला आठवी ते दहावी इतिहास शिकवला. सनावळी पाठ करू नका, कारणं शोधा, हे त्यांचंच सांगणं. म्हणून हे उत्तर.

सर, तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. राकेल खरोखर होऊन गेली असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. अल्फोन्सोच्या काळातल्या इतिहासकारांनी तिचा उल्लेख केलेला नाही. ती लिखाणात येते सुमारे शंभर वर्षांनी. आणि कुठे येते ते पाहा. चौथा सांचो या राजाच्या नावावर मुलाला केलेल्या उपदेशाचा एक ग्रंथ आहे, त्यात. अल्फोन्सोने एका ज्यू बाईपायी सात वर्षं पाप केलं, म्हणून देवाने त्याला अलार्कोसच्या लढाईत हरवलं, असं त्यात राजपुत्राला बजावलं आहे. अलार्कोसचा पराभव खरा आहे, ११९५ सालचा. उत्तर आफ्रिकेतल्या अल्मोहाद या मुसलमान घराण्याच्या फौजेपुढे अल्फोन्सो मित्रराजांच्या कुमकीची वाट न बघता उभा राहिला आणि धुळीला मिळाला. एवढ्या मोठ्या राजाची घाई नडली असं लिहिण्यापेक्षा बाई नडली असं लिहिणं सोपं गेलं. तेव्हा गोष्ट कुणी घुसडलीच असेल, तर ती प्रेमाची तळी उचलणाऱ्याने घुसडलेली नाही. ती दोष द्यायला माणूस शोधणाऱ्याने घुसडली. कादंबरीकाराने साडेसहाशे वर्षांनी त्या बाईला नुसतं बोलायला लावलं.

एक राकेल नसेलही. पण तशा अनेक होत्या, आणि याचा पुरावा कायद्याच्या पुस्तकांत आहे. ३८८ साली रोमन सम्राटांनी ज्यू आणि ख्रिस्ती यांचं लग्न व्यभिचार ठरवलं. १२१५ साली पोपने लॅटरनला भरवलेल्या धर्मपरिषदेने ज्यूंना आणि मुसलमानांना वेगळा ओळखू येईल असा वेश घालायला लावला, आणि कारणही लिहून ठेवलं: काही ठिकाणी फरक कळत नाही, त्यामुळे ख्रिस्ती लोकांचे त्यांच्या बायकांशी आणि त्यांचे ख्रिस्ती बायकांशी संबंध येतात. याच अल्फोन्सोचा पणतू दहावा अल्फोन्सो, त्याच्या कायदेसंहितेत ख्रिस्ती स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या ज्यूला मृत्युदंड आहे. जे घडतच नाही त्यासाठी राजे-पोप शाई खर्च करत नाहीत, सर. तुम्हीच शिकवलंत, कारणं शोधा. कारण त्या ओळींतच लिहिलेलं आहे.

आणि मस्तानीचं म्हणाल, तर तिच्यासाठी कादंबरीवाला कशाला हवा? बाजीराव मोहिमेवर असताना घरच्यांनी तिला कैदेत ठेवलं. १७४० साली तो रावेरखेडीला वारला, पाठोपाठ तीही वारली. पाबळला तिची कबर आहे. मुलगा समशेर बहादूर पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढून जखमांनी मेला. यात घुसडलेलं काय आहे? मी दहावीत असताना आपली सहल शिवनेरीला गेली होती. पाबळ काही फार लांब नव्हतं. बस तिकडे वळली नाही.

आता तीस दिवस.

१९५४ चा विशेष विवाह कायदा हा आपल्या देशाचा अभिमान वाटावा असा कायदा आहे. दोन धर्मांच्या माणसांना धर्म न बदलता लग्न करता येतं. पण त्यातली नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावायची, तीस दिवस हरकतींची वाट बघायची. इकडेही होतं असं. आउफगेबोट म्हणत, श्टांडेसआम्टच्या, म्हणजे लग्न नोंदवण्याच्या सरकारी कार्यालयाच्या, फलकावर नावं लागायची. १९९८ साली ते काढून टाकलं. गेल्या वर्षी माझ्या ऑफिसमधल्या एकीचं लग्न मांडलश्ट्रासेवरच्या श्टांडेसआम्टमध्ये झालं. ती कॅथलिक, तो ज्यू. अधिकाऱ्याने कागद तपासले, तारीख दिली, संपलं. नंतर आम्ही इंग्लिश गार्डनमध्ये बसलो. तिची आजी आनंदाने रडत होती, आणि मला सारखं वाटत होतं, आपल्याकडे का नाही?

सर म्हणतील, साठ लाख ज्यूंना मारणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये. खरं आहे. न्यूरेंबर्ग इथून आयसीई या वेगवान रेल्वेने तासाभरावर, मी कामासाठी महिन्यातून दोनदा जाते. १५ सप्टेंबर १९३५ ला तिथेच तो कायदा झाला, ज्यूंशी लग्न गुन्हा, लग्नाबाहेरचं प्रेमही गुन्हा. तेव्हा शेजारी पोलिसांना चिठ्ठ्या लिहून कळवत, कोण कुणाकडे जातं ते. आजही इथे म्युनिकला याकोब्सप्लाट्झच्या सिनेगॉगबाहेर पोलीस उभे असतात. हे सगळं मी रोज बघते. म्हणूनच कुणी म्हणालं की नावं फलकावर लागली तर काय बिघडतं, की माझ्या पोटात गोळा येतो. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय लग्नांची माहिती घेण्यासाठी समिती नेमली, तेव्हाही आला होता. मुलींच्या काळजीपोटी आहे असं तेव्हा सांगितलं गेलं. काळजी मला कळते. पण माहितीचा कागद एकदा तयार झाला की तो कुणाच्या हाती जाईल, हे तयार करणाऱ्याच्या हातात राहत नाही.

मी बोलायला लागले की "तू तिकडे राहून आम्हाला सांगू नकोस" हे येतंच. मी "आपल्याकडे" म्हणाले, तर मंडळातलं कुणीतरी हळूच म्हणालं, "आपल्याकडे म्हणजे कुठे?" मी गप्प बसले. चार वर्षांपूर्वी मी भारतीय पासपोर्ट परत केला. फॉइश्टवांगर मूळ म्युनिकचे, माझ्या ऑफिसजवळच्या सांक्ट-आना-प्लाट्झला वाढले. १९३३ साली नाझींनी त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं, पुस्तकं जाळली. अमेरिकेत त्यांना शेवटपर्यंत नागरिकत्व मिळालं नाही, आणि समुद्राकाठच्या त्या घरात बसून ते जर्मनमध्येच लिहीत राहिले. माझं तसं काही नाही. मी स्वतःच्या सहीने दिलं, रांगेत उभं राहून. तरी सांगली माझी आहे, आणि तिथल्या प्रश्नावर बोलायचा हक्क मला आहे असं मी मानते. तो हक्क मी एकदा कसा वापरला, तेही सांगायला हवं.

२०१३ साली माझ्या धाकट्या चुलत बहिणीने लग्नाची नोटीस दिली होती. मुलगा मिरजेचा, ख्रिस्ती, मिशनच्या आवारात वाढलेला, तिच्याबरोबर कॉलेजला होता. घरात कुणाला माहीत नव्हतं. नोटीस लागून नऊ दिवस झाले होते. आमच्या ओळखीच्या एकाला दुसऱ्या कामासाठी गेला असताना फलकावर आमचं आडनाव दिसलं. त्याने फोटो काढला. काकांना सांगायचं धाडस त्याला झालं नाही, म्हणून त्याने तो मला पाठवला. मी लांब असते, मी समजूतदार आहे, असं त्याने खाली लिहिलं होतं.

मी यू-बानमध्ये, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेत होते. फोटोत तिचं नाव, वय, पत्ता, शेजारी त्याचं. मला राग आला तो ती ख्रिस्ती मुलाशी लग्न करते याचा नव्हता, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. मला विचारलं नाही याचा राग होता. मी इतक्या लांब, म्हणजे आता घरातली कुणी नाही का? सेंडलिंगर टोर स्टेशन येईपर्यंत मी तो फोटो काकूला पुढे पाठवला होता. खाली लिहिलं, "काकू, घाबरू नका, पण बघा."

फलकावर अजून एकवीस दिवस होते. दुसऱ्याच दिवशी तिला मामांकडे सोलापूरला नेलं, फोन काढून घेतला. काकांनी हरकत नोंदवली नाही, त्याची गरजच पडली नाही. पुढच्या वर्षी तिचं दुसरीकडे लग्न झालं. दोन मुलं आहेत, बरी आहे. दिवाळीला मला फोन करते, ताई म्हणते, जर्मनीत थंडी किती पडली ते विचारते.

तीस दिवस थांबायला काय हरकत आहे, असं सर विचारतात. मला एक दिवस पुरला होता, सर.

तो फोटो कुणी पाठवला, हे तिला काकूने कधी सांगितलं नाही. मीही नाही. हे ती वाचेल तेव्हा तिला कळेल.