एक पास, एक व्हिसा, अख्खा युरोप? आत्या, थांब जरा!

परवा रात्री साडेदहाला आत्याचा मेसेज आला, "हे बघ गं, आमचं ठरलं!" आणि वर एक हातभर लांब फॉरवर्ड. आमचं म्हणजे आत्या आणि तिची शाळेतली मैत्रीण, दोघी रिटायर्ड शिक्षिका, दोघी साठीच्या पुढे, आणि गेलं वर्षभर दोघींच्या डोक्यात युरोप बसलाय. फॉरवर्डची सुरुवातच 'टूर कंपन्या तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत' अशी, म्हणजे तिथेच ओळखायला हवं होतं. पुढे काय, तर एक रेल्वे पास आणि एक व्हिसा घ्या की ३३ देश मोकळे. पास असला की कुठल्याही गाडीत चढा. तिकीट कोणी तपासत नाही. सीनियर सिटिझनला अर्धे पैसे. रात्रीच्या गाडीने हॉटेल वाचतं. आणि तिथल्या गाड्या घड्याळ लावावं इतक्या वेळेवर. शेवटी 'दहा ग्रुपवर पाठवा'. आत्याने बहुतेक पाठवलाही.

मी आणि माझी हॉस्टेलची मैत्रीण २०२३च्या सप्टेंबरात बुडापेस्टपासून पॅरिसपर्यंत असंच ट्रेनने गेलो होतो, त्यामुळे घरात युरोपचं काहीही निघालं की माझ्याकडे येतं. तर घ्या.

आधी ते ३३ देश, कारण बाकीच्या थापांनी फार तर पैसे जातील, या थापेने आत्या लंडनला अडकेल.

३३ आकडा हवेतून आलेला नाही. युरेल म्हणजे हे रेल्वे पास विकणारी कंपनी, तिचा ग्लोबल पास खरोखरच ३३ देशांतल्या रेल्वेवर चालतो. पण तो रेल्वेचा पास आहे बाई, व्हिसा नाही! शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, चालतो २९ देशांत, आणि या दोन याद्या एक नाहीत. पासाच्या यादीतले ब्रिटन, आयर्लंड, तुर्कस्तान, सर्बिया, बॉस्निया, माँटेनिग्रो आणि उत्तर मॅसिडोनिया हे सात देश शेंगेनमध्ये नाहीतच. कुणीतरी पासाची यादी उचलली, व्हिसाच्या वाक्याला चिकटवली आणि दिली सोडून.

आता आत्याचा प्लॅन बघा. मुंबईहून पॅरिस, तीन दिवस तिथे, मग युरोस्टारने, म्हणजे पॅरिस–लंडन थेट गाडीने, "जाता जाता" दोन रात्री लंडन, परत पॅरिस, तिथून स्वित्झर्लंड आणि झुरिकहून घरी. एकतर लंडनसाठी ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो, आणि तो नसेल तर ती गाडीपर्यंतही पोचणार नाही, कारण पॅरिसच्या गार द्यु नॉर स्टेशनातच, गाडीत बसायच्या आधी, पहिले फ्रेंच पोलीस आणि मग ब्रिटिश अधिकारी पासपोर्ट बघतात. पण ती पहिल्याच फटक्यात अडवली गेली तर बरं म्हणायचं. खरी गंमत ब्रिटनचा व्हिसा हातात असेल तर आहे. शेंगेन व्हिसाच्या स्टिकरवर एंट्रीजचा एक रकाना असतो, त्यात ०१, ०२ किंवा मल्ट (म्हणजे एकदा, दोनदा किंवा कितीही वेळा शिरा) असं छापलेलं असतं. ०१ असेल तर पॅरिसहून लंडनला निघालीस की तुझा शेंगेन व्हिसा संपला, मग त्यावर तारखेप्रमाणे अजून बारा दिवस शिल्लक का असेनात. परत येताना लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनातच फ्रेंच पोलीस उभे असतात, ते तो ०१ बघणार, आधीची एंट्री बघणार आणि मागे फिरवणार. हॉटेल स्वित्झर्लंडात इंटरलाकेनला बुक, परतीचं विमान झुरिकहून, आणि आपण दोन सुटकेसा घेऊन लंडनच्या फुटपाथवर. हे माझ्या मनचं नाही, व्हिसावरच छापलेलं असतं. माझ्या जुन्या पासपोर्टातल्या व्हिसाचा फोटो काढून, त्या ०१ ला लाल गोल करून मी आत्याला पाठवला. तिचं उत्तर, "इतकं बारीक कोण वाचतं?" पोलीस वाचतात आत्या.

यात अर्धं खरं एवढंच की भारतीयांसाठी एप्रिल २०२४ पासून नियम जरा सैल झालेत. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल एंट्रीवाला मिळू शकतो. पण आत्याचा पासपोर्ट कोरा करकरीत आहे. नेपाळला गेली होती तीही व्होटर कार्डावर.

आणि फॉरवर्डमधलं 'आत एकदा शिरलात की पासपोर्ट काढायची गरजच नाही' हेही खरं धरायला नको. जर्मनीने सप्टेंबर २०२४ मध्ये सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली. सरसकट प्रत्येकाला विचारतात असं नाही, पण पोलीस डब्यात चढले आणि तुमचा पासपोर्ट रॅकवरच्या सुटकेसच्या तळाशी, पातळांच्या खाली, तर तमाशा ठरलेला.

पुढचा मुद्दा, पास असला की कुठल्याही गाडीत चढा. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स इथे बहुतेक गाड्यांना हे चालतं, मान्य. पण फ्रान्सची टीजीव्ही, स्पेनची एव्हीई, इटलीची फ्रेचारोस्सा आणि युरोस्टार या वेगवान गाड्यांना पासावर वेगळं सीट रिझर्व्हेशन लागतंच, त्याचे पैसे वेगळे, आणि युरोस्टारमध्ये तर पासवाल्यांचा कोटाच ठरलेला असतो. तो संपला की पास हातात धरून गाडी जाताना बघायची.

कुठल्याही डब्यात चढा म्हणणाऱ्याला तर मला हाम दाखवायचंय. हाम हे जर्मनीतलं स्टेशन. बर्लिनहून कोलोनला जाताना आम्ही दोघी पळत पळत जो दरवाजा समोर आला त्यात शिरलो, जागा मिळाली, डबे उघडले, मैत्रिणीने वहिनीने दिलेली दशमी काढली. हाम यायच्या जरा आधी समोरच्या आजींनी आमच्या सुटकेसकडे बघून विचारलं, कुठे? कोलोन म्हटल्यावर त्यांनी जोरजोरात मान हलवली आणि पुढच्या बाजूला बोट दाखवलं. ती मुळात दोन गाड्या जोडून केलेली एक गाडी होती, हामला सुटी होते, एक अर्धी कोलोनला जाते आणि एक ड्युसेलडॉर्फला, आणि दोन्हींच्या मधून आतून जाता येत नाही. आम्ही ड्युसेलडॉर्फच्या अर्ध्यात. मग काय, दशमी तोंडात, सुटकेस हातात, हामच्या प्लॅटफॉर्मवर दोन बायका धावतायत. चूक आमचीच, प्लॅटफॉर्मच्या बोर्डावर आणि डब्याच्या दरवाजाशी लिहिलेलं असतं, आम्ही वाचलं नव्हतं. (खानदानी सवय दिसते.)

'तिकीट कोणी तपासत नाही' हे लिहिणाऱ्याला तर शोधून काढायला हवं. तपासतात. शिवाय पास नुसता मोबाइलमध्ये असून भागत नाही, ॲपमध्ये त्या दिवसाचा प्रवास टाकून तो चढायच्या आधी चालू करावा लागतो, नाहीतर तुम्ही विनातिकीटच. जर्मनीत त्याचा दंड निदान ६० युरो. इटलीत लोकल गाडीचं कागदी तिकीट घेतलंत तर ते आधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा, पैसे भरले होते ही सबब चालत नाही.

सीनियर सिटिझनला अर्धे पैसे? पासावर साठीच्या पुढच्यांना सवलत आहे, १० टक्के. अर्धी वगैरे आपल्याकडे बायकांना होती, तीही मार्च २०२० मध्ये गेली, तिथे मिळणार म्हणे!

रात्रीच्या गाडीचं मात्र बरंचसं खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. थेट गाडी असेल आणि मध्यरात्रीनंतर दुसरी गाडी बदलायची नसेल तर मोजक्या दिवसांच्या पासातला एकच दिवस जातो. पण झोपायच्या बर्थचे पैसे पासाच्या वर द्यावे लागतात, म्हणजे हॉटेल पूर्ण वाचत नाही. आणि फॉरवर्डमध्ये जी पॅरिस–व्हिएन्ना रात्रीची गाडी 'अवश्य घ्या' म्हटलंय ती ऑस्ट्रियन रेल्वेने डिसेंबर २०२५ मध्ये बंद केली.

घड्याळ लावण्याबद्दल एकच आकडा देते. २०२४ मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथे उशीर धरतच नाहीत. स्विस गाड्यांवर लावा घड्याळ, जर्मन गाड्यांवर नको.

खायचं सगळं इथून न्या असंही शेवटी लिहिलंय. चिवडा न्या, पेढे नको, बाहेरून दुधाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत.

आज सकाळी आत्याचा फोन आला. मी सुचवलं, आधी मुंबई–लंडन जा, मग पॅरिस, मग स्वित्झर्लंड, म्हणजे शेंगेनमध्ये एकदाच शिरायचं आणि ०१ असला तरी भागतं. त्यावर दोन व्हिसांची फी ऐकून मागून मैत्रिणीचा आवाज आला, "मग लंडन राहू दे गं, तशीही राणी गेली आता."