पांढऱ्या मार्बलच्या ओट्याबद्दल तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला आणि परवा घरी येऊन ओटाही पाहिला. उत्तर सगळ्यांसमोरच देतो, कारण तक्रार बरीचशी खरी आहे.

तुमचं म्हणणं असं: चार महिन्यांपूर्वी आमच्याकडून पांढरा मकराना मार्बल घेऊन ओटा केला, लिंबू-कोकमाचे डाग पडले, ते घासून जात नाहीत, म्हणजे दगड नकली आहे. शिवाय स्वयंपाकघरात नैसर्गिक दगड चालतच नाही, सगळ्यांनी क्वार्ट्झच, म्हणजे कारखान्यात बनवलेला दगडच घ्यावा.

आधी आमची चूक. आमच्या काउंटरवरच्या मुलाने तुम्हाला "सीलर मारून देतो, मग काही होत नाही" असं सांगितलं होतं. मी त्याला विचारलं, त्याने कबूल केलं. सीलरने दगडाची बारीक छिद्रं बुजतात, त्यामुळे हळद, तेल, चहा लगेच आत मुरत नाही. आंबटापुढे मात्र त्याचा उपयोग नाही. मार्बल म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीत असतं तेच. त्यावर लिंबू, चिंच, आगळ, टोमॅटो, व्हिनेगर काहीही सांडलं की वरचं पॉलिश विरघळायला लागतं. गॅसशेजारची ती गोल खूण लिंबाची फोड पालथी ठेवल्याची आहे. मोबाइलचा टॉर्च आडवा धरून पाहिलं, तर रंग तसाच पांढरा, फक्त तेवढ्या गोलातली चकाकी गेलेली. वर काही चिकटलेलं नाही, दगडच तिथे झिजलाय, मग घासून निघणार काय? सिंकजवळचा पट्टा तर बाथरूम क्लीनरने आणखी मंद झालाय. त्यातही ॲसिड असतं. कृपा करून तो आता ओट्याला लावू नका.

दगड नकली नाही, हे मात्र ठामपणे सांगतो. सिंकसाठी कापलेला तुमच्याच स्लॅबचा तुकडा तुमच्यासमोर ओट्यावर ठेवून त्यावर लिंबू पिळलं, तेव्हा बारीक बुडबुडे तुम्हीही पाहिलेत. रस कॅल्शियम कार्बोनेटला लागला की ते येतात. ताजमहालाला मकरान्याचाच संगमरवर वापरलाय. देवघराला, बैठकीच्या फरशीला मी तो आजही खुशाल देतो. पण जिथे रोज फोडणी, चिंचेचा कोळ, सोलकढी होते तिथे तो नको, हे तुम्हाला पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं. ते आम्ही सांगितलं नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

आता "नैसर्गिक दगड चालतच नाही" याबद्दल. हे मला पटत नाही, आणि इतर लोक वाचून घाबरतील म्हणून थोडं सविस्तर लिहितो. माझ्या आईचा ओटा काळ्या कडप्प्याचा होता. कडप्पाही चुनखडीच, त्यालाही लिंबाने पांढुरके चट्टे पडायचे. आई रात्री ओटा पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवायची. ग्रॅनाइटला ती कसरत लागत नाही. त्यात क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही नैसर्गिक खनिजं असतात, लिंबा-चिंचेला ते दाद देत नाहीत. कडकपणा मोजायची मोहस् पट्टी आहे, त्यावर मार्बल ३ च्या आसपास आणि ग्रॅनाइट ६ ते ७. विळी-सुरीचं पोलाद साधारण साडेपाच. म्हणून मार्बलवर सुरीचा ओरखडा उठतो, ग्रॅनाइटवर सहसा नाही. फिकट ग्रॅनाइट पाणी-तेल पितो, त्याला सीलर हवाच. घेताना सुट्या तुकड्यावर चार थेंब पाणी टाकून पंधरा मिनिटं थांबा. खाली ओलसर गडद ठिपका दिसला, तर दगड पाणी पितोय. काळा घेताना नेलपॉलिश रिमूव्हरचा कापूस फिरवा. कापूस काळा झाला, तर रंग मारलेला माल आहे, परत करा.

ओट्याचा क्वार्ट्झ वाईट नाही, आम्हीही विकतो. पण तो कारखान्यात बनतो, सुमारे ९० टक्के दगडाचा चुरा आणि बाकी मुख्यतः रेझिन, म्हणजे चुरा जोडून धरणारा प्लास्टिकसारखा पदार्थ. पुऱ्या तळून १८० अंशांची कढई थेट त्यावर टेकवली, तर रेझिन भाजून कायमचा पिवळा डाग पडू शकतो. तो पॉलिशने निघत नाही. मार्बलची चकाकी निदान परत आणता येते.

तुमच्यासाठी दोन मार्ग आहेत. एक, संपूर्ण ओटा आम्ही विनामूल्य पुन्हा घासून पॉलिश करून देतो. पण आंबट सांडलं की खुणा परत पडणार, हे आज स्पष्ट सांगतो. दुसरा, गॅस आणि सिंकची बाजू काढून तिथे काळा ग्रॅनाइट बसवतो. त्या भागाच्या मार्बलचे घेतलेले पैसे पूर्ण वळते करू, काढण्या-बसवण्याची मजुरी आमची. खिडकीखालचा भाग तसाच राहू द्या. पोळ्या लाटायला मार्बलसारखा थंड, गुळगुळीत दगड नाही.

तुमच्या मिस्टरांना दुसरा मार्ग पटलेला दिसला, पण स्वयंपाकघर तुमचं, तुम्ही सांगाल तसं करू. शनिवारी सकाळी दहाला आमचे कारागीर येऊ शकतात. कटिंग बाहेर जिन्याखाली करतील, म्हणजे धूळ घरात येणार नाही. दुपारपर्यंत गॅस मात्र बंद ठेवावा लागेल.