पुराची उंची वाचनालयात लिहून ठेवा

२००५च्या पुरात चिपळूणला आमच्या घरात कमरेएवढं पाणी आलं होतं. म्हणून २२ जुलै २०२१ला पाणी शिरू लागलं तसं बाबांनी सगळी कागदपत्रं कपाटाच्या वरच्या फळीत ठेवली. "याच्या वर नाही जायचं." पाणी माळ्याला लागलं.

मोबाईल चालू होते तोवर मेसेजवर मेसेज. धरणाचं पाणी सोडलं, नाही सोडलं, आणखी सोडणार. कोयना धरणावर वीज तयार झाली की पाणी कोळकेवाडी धरणामार्गे आमच्या वाशिष्ठी नदीत येतं, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. पण आत्ता किती येतंय आणि मागे किती आलं होतं, हे विचारायचं कुणाला?

मला वाटतं, यातलं दुसरं उत्तर तरी गावच्या वाचनालयात मिळायला हवं. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चं. कोकण रेल्वे धावायच्या शंभराहून अधिक वर्षं आधी इथे वाचनालयं उभी होती. आणि आज आपण वाचनालय म्हणजे निवृत्तांनी पेपर वाचायची जागा समजतो, याचं मला फार वाईट वाटतं.

पूर ओसरल्यावर एका वाचनालयात भिजलेली पुस्तकं वेगळी करायला गेलो होतो. गुळगुळीत कागदाच्या दिवाळी अंकांची पार वीट झालेली. जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड मात्र हळूहळू उलगडत होते. एकेक पान सोडवायचं, मध्ये कोरा कागद घालायचा, पंख्याखाली ठेवायचं. बोटांना मऊ गाळ लागायचा. कितीतरी खंड वाचवता आलेच नाहीत. गावाची आठवण अशी घमेल्यांनी बाहेर टाकावी लागली.

आता नकाशावरच्या पूररेषेवरून भांडणं होतात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तो नकाशा वाचनालयाच्या टेबलावर पसरलेला असावा, शेजारी समजावून सांगणारा ग्रंथपाल असावा. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ सालीच सांगितलं, पुस्तकं वापरासाठी असतात. नकाशेही त्यासाठीच. पण खेड्यातल्या 'ड' वर्गाच्या, म्हणजे सरकारी अनुदानाच्या सगळ्यात खालच्या वर्गातल्या वाचनालयात काम करणाऱ्याच्या हातात महिन्याला काय पडतं, ते एकदा विचारून बघा. त्या पैशात आपण त्याच्याकडून काय मागणार? अनुदान वाढलंच पाहिजे आणि वर्गणी आपणही वाढवून दिली पाहिजे.

माझ्याकडे दोन्ही पुरांचे फोटो आहेत. प्रत्येकामागे गल्ली, तारीख आणि भिंतीवरची खूण मोजून उंची लिहितोय. रविवारी वाचनालयात नेऊन देणार आहे, वरच्या मजल्यावर ठेवायला. तुमच्याकडचेही द्या.